जुना कोळसा

पाणी तपासणी केंद्रातल्या बाकावर दीर आणि भावजय एकमेकांकडे न बघता हुज्जत घालत होते. शेजारी शिंपीणबाई बाटली मांडीवर धरून ऐकत होत्या.

“भावजी, गाईंना टोचता ते औषध माझ्या विहिरीत आलंच कसं?”

“मला काय विचारता, वहिनी? गोठ्याचं सांडपाणी मी कोळशातून गाळूनच सोडतो. औषध सगळं कोळसा धरून ठेवतो.”

“आणि कोळसा बदलता का?”

“बदलतो तर! त्यात हयगय नाही.”

“मग जुना कुठे जातो?”

“टाकून कशाला द्यायचा? तुमच्या विहिरीभोवती चिखल व्हायचा ना, तिथेच पसरतो.”

“माझ्या विहिरीभोवती?”

“तुमच्यासाठीच, वहिनी! तेव्हापासून एकदा तरी पाय घसरला का?”