दहापैकी पाच

धाकटा : एकच परिच्छेद काढ, ताई. बाकीचा लेख आहे तसा राहू दे. मी दुसरं काही मागत नाहीये.

ताई : आधी बस. आणि आवाज खाली घे, काचेपलीकडे माणसं काम करतायत. लेख लागायचाय तीन वाजता. तुझ्या हातात तो आला कसा?

धाकटा : तारखा नि नावं तपासायला तुमच्याच ऑफिसनं सकाळी खेळाच्या कंपनीकडे पाठवला. कंपनीनं माझ्याकडे ढकलला, वर एक ओळ लिहून, 'हे बहुधा तुमच्याबद्दल आहे.' बसमध्ये उभ्याउभ्या वाचला. पुढच्या थांब्यावर उतरलो आणि उलट्या दिशेची बस पकडली.

ताई : तुझ्याबद्दल नाहीये ते. खेळाबद्दल आहे.

धाकटा : असं? मग वाचतो. 'किमयेचं दुकान हा व्हिडिओ गेम डोळ्यांना सुख देतो. समुद्रकाठचं ते गाव, ती भट्टी, रानातून मुळ्या आणून औषधं बनवणारी ती शिकाऊ पोरगी, सगळं मोहात पाडणारं. पण दुकानाची मालकीण असलेली म्हातारी तोंड उघडते आणि जादू उतरते. आपल्या भाषेत आणताना कुणीतरी तिच्या तोंडात साखर कोंबली आहे.' हे कुणीतरी कोण? सात महिने त्या म्हातारीचं तोंड मीच होतो.

ताई : माहीत आहे.

धाकटा : माहीत असून लिहिलंस.

ताई : माहीत होतं म्हणून दोनदा खेळले. पहिल्यांदा वाटलं, भावाचं काम आहे म्हणून उगाच खोड काढतेय. दुसऱ्यांदाही तसंच झालं. जांभया आल्या मला. भट्टीपाशी नाही आल्या, रानात भटकताना नाही आल्या. म्हातारी बोलायला लागली की यायच्या.

धाकटा : बाहेर सगळ्यांनी आठ दिलेत, नऊ दिलेत. एकानं तर लिहिलंय, यंदाचा सगळ्यात लाघवी खेळ. पाच देणारी तू एकटी.

ताई : त्यांनी तो जपानीत खेळला, नाहीतर आणखी कुठल्या भाषेत. माझे वाचक तुझ्या भाषेत खेळणार.

धाकटा : तेच सांगतोय मी. एवढा मोठा जपानी खेळ आपल्या भाषेत पहिल्यांदा येतोय. दुसऱ्या भागाच्या वेळी आपली भाषा घ्यायची की गाळायची, हे तिकडचे लोक इथल्या समीक्षा वाचून ठरवणार. आणि इथल्या समीक्षा म्हणजे तू. दुसरं लिहितं कोण? तुझ्या पाचांवर दार बंद होईल. माझं काम जाईल ते सोड, पण पुढची दहा वर्षं इकडे कुणी फिरकणार नाही.

ताई : म्हणून मी खोटं लिहू?

धाकटा : खोटं नको लिहूस. म्हातारीबद्दल गप्प बस. चित्रांबद्दल लिही, संगीताबद्दल लिही.

ताई : एक सांग. ती पोरगी पहिल्या दिवशी औषध करपवते, तेव्हा म्हातारी काय म्हणते?

धाकटा : 'छान झालं हं, बाळा. पण अजून एकदा करून बघू या का?'

ताई : आणि जपानीत?

धाकटा : जपानीची घडणच वेगळी असते. तिथं शब्दाला शब्द लावून चालत नाही.

ताई : काय म्हणते जपानीत?

धाकटा : 'पुन्हा कर.'

ताई : एवढंच?

धाकटा : एवढंच.

ताई : म्हणजे चाळीस तास ती त्या पोरीला बरं म्हणत नाही. शेवटी एकदाच म्हणते. तिथं खेळणाऱ्याचा गळा दाटून यायला हवा, तिकडे आलाही असेल. तुझी म्हातारी पहिल्या दिवसापासून छान छान करत सुटलीये. शेवटी तिनं छान म्हटलं काय नि नाही म्हटलं काय, कुणाला फरक पडतो? मला जपानीतलं अक्षर येत नाही, तरी कळलं की इथं काहीतरी काढून घेतलंय.

धाकटा : आपल्याकडे इतकं तुटक बोललं की उद्धट वाटतं.

ताई : कंपनीनं सांगितलं तसं?

धाकटा : नाही. मी ठरवलं.

ताई : का ठरवलंस तेही सांगते. तू त्या म्हातारीत आईला घातलंस. चष्मा कपाळावर सरकवताना तू तिला आईसारखं 'बघू' म्हणायला लावलंस ना, तिथंच ओळखलं मी. पण आई अशी नव्हती. घरच्या औषधांच्या दुकानात मागच्या बाकावर बसवून तिनं आपल्याला पुड्या बांधायला शिकवल्या. एका पुडीत कणभर पूड जास्त पडली की सगळ्या पुड्या उलट्या करायची. 'पुन्हा कर' तिचंच वाक्य होतं. जपानीतून तुला ते आयतं मिळालं होतं, तू ते पुसून टाकलंस.

धाकटा : शेवटची तीन वर्षं तू होतीस तिथं?

ताई : ते इथं काढू नकोस.

धाकटा : आईला इथं तू आणलंस. मी तर एका परिच्छेदासाठी आलो होतो.

(काचेचं दार ढकलून संपादक आत येतात.)

संपादक : वीस मिनिटं उरलीत आणि मथळ्याचा पत्ता नाही. हे कोण?

ताई : माझा भाऊ, सर.

संपादक : नमस्कार. भावाला चहा पाजा, गप्पा मारा, पण मथळा आधी पाठवा.

धाकटा : सर, 'किमयेचं दुकान'चा अनुवाद मी केलाय.

संपादक : आज लागतोय तो?

धाकटा : हो. तोच.

संपादक : थांबा. लेख बहिणीचा, अनुवाद भावाचा. आणि हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

ताई : नाही सांगितलं.

संपादक : विसरलात?

ताई : विसरले नाही. सांगितलं असतं तर तुम्ही तो दुसऱ्या कुणाला दिला असता. मला खेळायचा होता, सर. ह्यानं काय केलंय ते बघायचं होतं. मनापासून चांगलं लिहायला मिळेल असं धरूनच बसले होते.

संपादक : चांगलं लिहिलं असतंत तर लोक म्हणाले असते, भावाची तळी उचलली. आता म्हणतील, घरचं भांडण चव्हाट्यावर मांडलं. कसंही केलं तरी मान माझी अडकते. लेख लागणार नाही. त्या जागी दुसरं काहीतरी घेऊ.

ताई : सर, लेखातला शब्द न् शब्द खरा आहे.

संपादक : असेल. मला तो खरा आहे हे वाचकांना पटवता येणार नाही, इतकंच.

धाकटा : म्हणजे खेळावर तुमच्याकडे काहीच येणार नाही?

संपादक : काही नाही. तुमच्या मनासारखं झालं की.

धाकटा : नाही झालं. तुम्ही छापा तो लेख.

ताई : तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

धाकटा : खाली टीप टाका, लेखिका अनुवादकाची सख्खी बहीण आहे. आणि हेही लिहा, मूळ जपानीत म्हातारी 'पुन्हा कर' एवढंच म्हणते, तिचं बोलणं आपण मऊ केलं असं अनुवादकानं स्वतः सांगितलं. माझं नाव घाला.

संपादक : अहो, तुमचं काम जाईल.

धाकटा : जाईलही. पण खेळ बाजारात आला की पहिले सहा आठवडे मजकुरात दुरुस्ती करता येते. म्हातारीची अकराशे वाक्यं आहेत. मी आपणहून गेलो आणि म्हटलं, मला आता वेगळं वाटतंय, तर कंपनीत मला दारात उभं करणार नाहीत. छापून आलेलं त्यांना दिसतं. लेख आला तर निदान विचारतील तरी, हे दुरुस्त होतं का म्हणून. काहीच आलं नाही, तर ती म्हातारी जन्मभर अशीच बोलत राहणार.

संपादक : आणि ते पाच?

धाकटा : ते हिला विचारा.

ताई : पाचच. आज खेळ जसा आहे त्याला पाच.

संपादक : कमाल आहे तुमची दोघांची. ठीक आहे. टीप मी लिहितो, तुम्ही कुणी हात लावायचा नाही. आणि बाई, उद्या सकाळी माझ्या खोलीत या. दोन-तीन महिने तुमच्या नावानं काही लागेल असं धरून चालू नका.

ताई : मी येते, सर.

संपादक : मथळाही मीच देतो आता. दार ओढून घेतो, बसा.

ताई : पाणी घे.

धाकटा : तुझी शिक्षा माझ्यामुळे झाली.

ताई : माझ्यामुळे झाली. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तू चिडलायस अजून.

धाकटा : चिडलोय. खेळाबद्दल तू बरोबर आहेस, घरी गेल्यावर आणखी चिडेन. पण आईबद्दल चुकलीस.

ताई : काय चुकले? तोंडावर 'छान' म्हणालेली मला एकदाही आठवत नाही.

धाकटा : ते वाक्य मी बनवलेलं नाही. तिचंच आहे. शेवटच्या वर्षी मी उशी सारखी केली, औषध पाजलं की म्हणायची, 'छान केलंत हं. बसा ना, दमला असाल.'

ताई : केलंत? तुला?

धाकटा : अहो-जाहो करायची. मी कोण ते तिला कळत नव्हतं. दुकानात कुणी गिऱ्हाईक आलंय असं समजायची. गिऱ्हाइकांशी तिचा आवाज कसा असायचा, ते आठवतं ना तुला?

ताई : फोनवर कधी बोलला नाहीस मला हे.

धाकटा : तू विचारायचीस, ओरडते का रे अजून? मी म्हणायचो, नाही गं, आता फार गोड बोलते. तू म्हणायचीस, चला, बरं झालं.