न मागता दिलेल्या दूर्वा

गोदाकाठच्या फूलबाजारात सायखेड्याच्या नवसाबाईंच्या फुलांच्या पाटीसमोर शुभांगीताई आपली पाळी येण्याची वाट बघत उभ्या होत्या. नवसाबाईंचा भाचा सुयश मोबाइलवर आलेली नोटीस मावशीला समजावून सांगत होता.

"मावशी, ती ऑनलाइन फुलं विकणारी मोठी कंपनी म्हणते, तुमचं फुलांचं ॲप बंद करा. गिऱ्हाइकाचा वार-तिथी लक्षात ठेवून न मागता फुलं पाठवायची, या पद्धतीचं पेटंट त्यांच्याकडे आहे."

"म्हंजे काय?"

"म्हणजे ती युक्ती त्यांची. दुसऱ्यानं वापरायची नाही."

"आरं, सोमवारी बेल, मंगळवारी जास्वंद, माझी सासू बी असंच द्यायची."

"त्यांनी कॉम्प्युटरवर केलंय, मावशी."

"सासूनं डोक्यात केलं. चार्जिंग बी लागत नव्हतं."

"वकील म्हणतात, आपल्याकडे नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट मिळत नाही, आपणच जिंकू. पण निकालाला चार वर्षं लागतील."

"तवर?"

"ॲप बंद. आपली दोनशे घरं त्यांच्याकडे जातील. आपण हे आधीपासून करतोय असं सांगणारं जुनं गिऱ्हाईक मिळालं, तर कोर्ट ॲप चालू ठेवू देईल कदाचित."

बोलता बोलता नवसाबाईंनी शुभांगीताईंच्या पिशवीत दूर्वांची जुडी टाकली.

"उद्या संकष्टी हाय, ताई. एकवीस मोजल्यात."

"मावशी, आधी त्यांना मागू तरी दे," सुयश इकडेतिकडे बघत पुटपुटला.

"पंचवीस वर्षांत मागायची वेळ आली नाही," शुभांगीताई हळूच म्हणाल्या. "साक्षीला मी येते."

"सुयश, वकिलाला सांग, सोमवार, चतुर्थी आन् एकादशी सोडून तारीख घ्या. ताईंचा उपास असतो."