देवधानाले औषध

(तलावाचा काठ. इस्तारी कंबरभर पाण्यात, पाठीवर फवारणीचा पंप. सासरहून आलेली त्याची मोठी बहीण गिरजा काठावर.)

गिरजा : अरे बाबू, पाण्यात पंप घेऊन काय करून राह्यला? मासोळ्याइले ताप आला का?

इस्तारी : बाई! तू त सांजच्या गाडीनं येनार होती ना?

गिरजा : लवकर आली. सासरी कोन धरून ठेवते मले? बोल.

इस्तारी : तलावातल्या या देवधानावर करपा आला, बाई. पानं पाय, भाजल्यावानी झाले. तू दरसाल ऋषिपंचमीसाठी हेच नेते. म्हटलं, तू येवाच्या आधी बरं करून टाकू.

गिरजा : हे त आपल्या मनानं उगवते. आज्याच्या वेळपासून याले रोग नाई. आता कुठून आला?

इस्तारी : माह्याकडून.

गिरजा : म्हंजे?

इस्तारी : मी गावातला हुशार ना! बाबा तीन-चार जातीचे धान लावत. बांधाच्या धुऱ्यावर तूर, बोरी, पळस, सारं रानच. म्हटलं, हा काय कचरा? धुरे चकाचक केले, पार तलावापर्यंत एकच वाण लावला. लोक फोटो काढाले येत! मंग करपा आला. त्यालेही मोकळी सडक भेटली, धानाच्या बांधीतून सीदा तलावात. माह्या धानाले औषध मारलं, याले कोन मारते?

गिरजा : म्हणून तू डाक्टर झाला! फवारलेलं मी उपासाले खाऊ? त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतलंही चालत नाई, येड्या! अन् मासोळ्या मरतीन त्या वेगळ्या.

इस्तारी : तेच त. पाण्यात उतरल्यावर आठवलं. तवापासून उभाच हावो. पुढं जाता येत नाई, मांगं येवाची लाज वाटते.

गिरजा : जळवा लागतीन.

इस्तारी : लागल्या.

गिरजा : ये बाहेर. इतवारीकाकाच्या वावराजवळच्या काठाले देवधान हिरवं दिसते.

इस्तारी : काका आळशी ना. त्याचे धुरे तसेच हाये, धानही मिसळ. मी त्याले हसत होतो. तिकडचं बी आणून इथी टाकू का?

गिरजा : तू टाकलं त ते तुह्यं पीक झालं. देवाचं कुठचं?

इस्तारी : मंग करू तरी काय?

गिरजा : तलावाजवळची बांधी तशीच सोडून दे, काही लावू नको. जे उगवते ते उगवू दे.

इस्तारी : अन् तरीबी देवधान नाई आलं त?

गिरजा : त मी पाण्यावर उपास धरीन. तुले काही म्हणणार नाई.

इस्तारी : म्हण ना, बाई. काहीतरी म्हण.