नैऋत्येचा कोपरा

नाही, पण मला एक सांगा... त्या झाडाला कळणार कसं की ह्या घरातला माणूस उदास आहे? चार पानं, वीतभर उंची, स्वतःचं पाणी स्वतःला घेता येत नाही, आणि ते म्हणे माझ्या घरातली तुंबलेली ऊर्जा वाहती करणार! अहो, मोरी तुंबली तर प्लंबर तीन दिवस फिरकत नाही, आणि ऊर्जा तुंबली तर मोकळी कोण करणार? तर कुंडीतलं झाड!

तुम्हाला सांगतो, आमच्या ताईने फेंगशुईचा वर्ग केलाय. केवढा? तीन रविवारांचा! मी मोजणी खात्यात लागलो तेव्हा साहेबांनी नुसती साखळी ताठ धरायला शिकवण्यात सहा महिने घालवले होते. इथे तीन रविवारांत सर्टिफिकेट, तेही फ्रेम करून! आमची ही गेली त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून ताई दर आठवड्याला डबा घेऊन येते. ते ठीक आहे, डब्याला दिशा लागत नाही. पण त्या दिवशी आली ती टॅक्सीतून सात कुंड्या उतरवत!

"अरे, तोंड काय बघतोस? धर!"

धरली. पन्नाशी उलटली तरी मोठ्या बहिणीने 'धर' म्हटलं की मी धरतोच.

"हा मनी प्लांट, हा बांबू... आणि घरात निवडुंग असेल तर आधी फेक. काट्यांनी माणसं तुटतात."

म्हटलं, "ताई, काट्यांनी नाही तुटत."

"मग कशाने?"

"जिभेने."

"बघ! हीच ती नकारात्मक ऊर्जा!"

आणि ती घालवणार कोण? कुंडीतलं झाड!

मग तिने मोबाइल काढला. नैऋत्य म्हणजे म्हणे नात्यांचा कोपरा. तिथे झाडांशिवाय काही ठेवायचं नाही. जे असेल ते घराबाहेर, त्याच दिवशी! मोबाइल तळहातावर आडवा धरून, डोळे अर्धे मिटून, भूत उतरवायला आल्यासारखी हॉलभर फिरली आणि थांबली कुठे? माझ्या आरामखुर्चीपाशी!

"ही काढ."

काढ? दाढ आहे का ती काढायला? आणि मुळात ती नैऋत्य नव्हेच! तुम्हाला सांगतो, अंगाची नुसती लाही लाही झाली. तीस वर्षं जमिनी मोजतोय मी. मी आखलेल्या हद्दीवरून सख्खे भाऊ कोर्टात गेले, पण माझी उत्तर दिशा चुकली असं एकाही वकिलाने म्हटलं नाही! आणि ताईच्या मोबाइलच्या कव्हरला हे एवढं लोहचुंबकाचं बटण! होकायंत्राशेजारी लोहचुंबक म्हणजे आकडेमोड करणाऱ्याच्या कानाशी पाढे ओरडण्यातला प्रकार! म्हटलं, थांब. कपाटातून माझं पितळी होकायंत्र काढलं, पुसलं, तिचा मोबाइल लांब स्वयंपाकघरात नेऊन ठेवला, हॉलच्या मधोमध उभा राहिलो आणि ऐटीत म्हणालो, "आता बघ, खरी नैऋत्य कुठे असते!"

सुई डुगडुगली, थांबली. मी मान वळवली.

तिथे हिचं शिलाई मशीन.

आता तुम्ही म्हणाल, मोजणीवाला ना तू, स्वतःच्या घरातल्या दिशा ठाऊक नव्हत्या? होत्या हो! पण त्या कोपऱ्याला मी कधी नैऋत्य म्हटलंच नाही. तो हिचा कोपरा. सुईखाली उशीची खोळ आहे अजून. तीन बाजू शिवून झाल्यात...

"काय रे, कुठे आली? मशीनपाशी तर नाही ना? तरी मी तेव्हापासून म्हणतेय, माणूस गेलं की वस्तू देऊन टाकावी. माझ्या शेजारणीची मुलगी शिवणकाम शिकतेय, तिला..."

"तुझंच बरोबर, ताई."

"काय?"

"खुर्चीपाशीच. अगदी बिनचूक."

तीस वर्षांतली पहिली खोटी मोजणी! खुर्ची त्याच संध्याकाळी वॉचमनच्या खोलीत गेली. तो काय पसरतो हो तिच्यात, माझ्या देखत! आणि माझ्या जागी कोण? कुंडीतलं झाड! त्यातही एकाला ऊन सोसत नाही, दुसऱ्याला सावली, तिसऱ्याला नळाचं ताजं पाणी चालत नाही, रात्रभर भरून ठेवलेलंच लागतं... जावई परवडला! मी कुठे बसतो? हिच्या स्टुलावर. पाठ टेकता येत नाही. बसतो.

आठ दिवसांनी ताई आली. मला मशीनपाशी पेपर वाचताना बघून तिचे डोळेच भरले. "किती शांत दिसतोस रे! सांग, कोणी केलं हे?"

म्हटलं, "कुंडीतल्या झाडाने, ताई."

इथे तरी थांबावं ना? नाही! तिने बिल्डिंगभर सांगितलं, 'माझा भाऊ मोजणी खात्यातला, त्याने स्वतः होकायंत्र लावून दिशा दिलीय.' झालं! आता रोज बेल. काल वरच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर, कुंडी पोटाशी धरून दारात उभे. "साहेब, आमची नैऋत्य सांगता?" नाही कुठल्या तोंडाने म्हणू? गेलो. फक्त होकायंत्राचं झाकण उघडायच्या आधी विचारलं, "मास्तर, घरातलं काय हलवायचं नाहीये?"

मास्तरांनी कुंडी खाली ठेवली. मग खिडकीजवळच्या एका लहानशा पलंगाकडे बोट दाखवलं.

म्हटलं, "बरं. मग तुमची नैऋत्य इकडे... चपलांच्या स्टँडपाशी."