बाहेरून लावलेली कडी

विमलाबाई कोम कै. भगवंतराव माने, वय ७१, धंदा: टेलिफोन खात्यातून निवृत्त ऑपरेटर, राहणार बसवनगुडी, बेंगळूरु. दिनांक १९ जुलै १९९६.

मी समक्ष ठाण्यात हजर होऊन जबाब देते की, मला कन्नड चांगलं येतं, पण राग आला की तोंडात मराठीच येतं. हवालदार हंबीरराव यांना मराठी लिहिता येतं, म्हणून जबाब मराठीत घेतला आहे. मी बोलेन तसंच लिहा, माझी भाषा सुधारत बसू नका, असं मी त्यांना आधीच बजावलं आहे.

देवाप्पा सुतार याला सकाळपासून इथे बाकावर बसवून ठेवलं आहे. माझ्या खोलीचं सागवानी दार चोरल्याचा त्याच्यावर आळ आहे. तक्रार माझा मुलगा रघुनंदन याने दिली. दार चोरीला गेलेलं नाही, ते मी दिलं. घर माझ्या नवऱ्याने बांधलं, कागद माझ्या नावावर आहेत. त्या माणसाला आधी सोडा, मग बाकीचं सांगते, असं मी म्हटलं. हवालदार म्हणाले, अक्का, स्वल्प थांबा, आधी जबाब. म्हणून थांबले आहे.

देवाप्पाची शेड आमच्याच रस्त्याच्या टोकाला आहे. आमचं पुढचं दार खालून कुजलं होतं, ते बदलायला रघुनंदनने गेल्या महिन्यात त्याला बोलावलं. त्याच कामात माझ्या खोलीच्या दाराला बाहेरून एक कडी बसवून घेतली. वाऱ्याने दार आपटतं, असं त्याने देवाप्पाला सांगितलं आणि मलाही तेच सांगितलं. दार आपटायचं हे खरं आहे. कडी बसवताना स्क्रू मीच देवाप्पाच्या हातात एकेक करून दिले.

पुढच्या सोमवारी मुलगा आणि सून कस्तुरी ऑफिसला गेल्यावर मी दार ओढलं, ते उघडेना. पावसाने फुगलं असेल म्हणून जोर लावला. मग वळून बघितलं तर टेबलावर जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि पेपर नीट मांडून ठेवलेला. तेव्हा कळलं की कडी चुकून लागलेली नाही.

संध्याकाळी मी जाब विचारला. रघुनंदन म्हणाला, "आई, तुझ्याच भल्यासाठी. तू विसरतेस." कस्तुरी म्हणाली की खोलीला लागून बाथरूम आहे, म्हणजे तशी अडचण काहीच नाही. गॅस एकदा चालू राहिला, हे मी नाकारत नाही. कस्तुरीचं दूध महिन्यातून दोनदा उतू जातं, तिला कोणी कडी लावत नाही. आणि मी वाट चुकून राजाजीनगरला गेले असं जे म्हणतात ते साफ खोटं आहे. आम्ही पूर्वी तिकडे क्वार्टर्समध्ये राहत होतो. शेजारच्या अंबुबाई अजून तिथेच आहेत, त्यांना भेटायला गेले होते. सांगून गेले नाही, एवढंच.

त्यानंतर रोज कडी लागत गेली. रविवारी लागत नसे. शेजाऱ्यांना ओरडून सांगायचं तर मला लाज वाटली. लोक माझ्या मुलाला नावं ठेवतील, हेही मनात होतंच.

माझी मुलगी श्रीविद्या धारवाडला असते. दुपारच्या सुट्टीत ती फोन करते. फोन हॉलमध्ये आहे. तो रोज वाजायचा आणि मी दाराच्या आतून ऐकत बसायचे. मी अठ्ठावीस वर्षं एक्स्चेंजच्या बोर्डावर बसले, परक्या माणसाचासुद्धा कॉल कधी ताटकळत ठेवला नाही. माझ्याच मुलीचा फोन माझ्याच घरात वाजून वाजून बंद व्हायचा. रघुनंदनने तिला सांगितलं होतं की आई हल्ली दुपारी झोपते. मी दुपारी झोपत नाही.

काल पुढचं दार घासत होतं, त्याला रंधा मारून द्यायला देवाप्पा आला. किल्ली रघुनंदनने त्याच्याकडे दिली होती आणि आई झोपलेली असते, तिच्या खोलीकडे जाऊ नको, असंही सांगितलं होतं. तो काम करत असताना फोन वाजला आणि काल मला राहवलं नाही. मी दोन्ही हातांनी दार बडवलं. देवाप्पाने येऊन कडी काढली. मी हॉलमध्ये पोचेपर्यंत फोन बंद झाला.

देवाप्पा त्या कडीकडे बघत उभा राहिला. "तप्पायितु, अम्मा," एवढंच म्हणाला. त्याची कसली चूक? त्याला फसवलं, तसंच मलाही फसवलं. मी त्याला म्हटलं, ही कडी उपटून टाक. तो म्हणाला, मी काढीन, पण उद्या दुसरा सुतार दुसरी बसवील. त्याचं म्हणणं मला पटलं. मग मी म्हटलं, दारच काढ आणि घेऊन जा. तो नको नको म्हणत होता. मी आवाज चढवला तेव्हा त्याने बिजागऱ्या सोडल्या.

संध्याकाळी हे सगळं मी रघुनंदनला तोंडावर सांगितलं. तरीही त्याने इथे येऊन चोरीची तक्रार लिहून दिली. त्यात असंही लिहिलं आहे की आईचं डोकं ठिकाणावर नाही, तिचं बोलणं धरू नये. हे वाक्य हंबीररावांनी आज मला वाचून दाखवलं. याला मी पोटात वाढवला. देवाप्पाची बायको सकाळी रडत आली, तेव्हा मी चप्पल घातली आणि इथपर्यंत एकटी चालत आले. रस्ता कुणाला विचारला नाही.

मुलाविरुद्ध तक्रार द्यायची का, असं विचारल्यावरून सांगते की, नाही. देवाप्पाला सोडा आणि ठाण्याच्या आवारात ठेवलेलं दार त्याच्याकडे द्या. तो ते परत बसवील, कडी मात्र आतल्या बाजूला. आत काही झालं तर उघडणार कोण, असं हवालदारांनी विचारलं. तसं झालं तर दार तोडा. तोपर्यंत ते मी लावीन आणि मीच उघडीन.

हा जबाब मी मोठ्याने वाचायला लावला, कारण दार ओळखायला बोलावलेला रघुनंदन समोरच बसला आहे. सगळं मी सांगितलं तसंच आहे, एक अक्षर बदलायचं नाही. मी हा जबाब पूर्ण शुद्धीवर राहून दिला, याला कोणीतरी साक्षीदार हवा, असं हंबीरराव म्हणाले. मी रघुनंदनकडे बोट दाखवलं. त्याने सही केल्याशिवाय मी इथून उठणार नाही.

सही: विमलाबाई भगवंतराव माने

जबाब देणार पूर्ण शुद्धीवर असल्याबद्दल साक्षीदार,
सही: रघुनंदन भगवंतराव माने, मुलगा