पुस्तकातला हरिदास

(कारंजा, १९५८. सार्वजनिक वाचनालय. गुरुवार दुपार, बायांची वेळ; ती मंदाबाई सांभाळतात. अन्नपूर्णा रविवारच्या भाषणाची तालीम करते आहे.)

मंदाबाई : अगं, थांबलीस का? इतकं छान चाललं होतं!

अन्नपूर्णा : पुढं त्याचं नाव येते, बाई.

मंदाबाई : कोणाचं?

अन्नपूर्णा : पुस्तकातल्या माणसाचं. रागाच्या भरात ज्यानं आपलंच दुकान जाळलं, त्याचं.

मंदाबाई : मग घे की.

सीताबाई : कशी घेईन वो माही सून? तिच्या नवऱ्याचं नाव हाय. माह्या पोराचं. हरिदास.

मंदाबाई : अगबाई! अन् हे तू मला आज सांगतेस?

अन्नपूर्णा : पुठ्ठ्यावर कुठं होतं? तिसऱ्या पानावर भेटला तो मले. मी पुस्तक झाकूनच टाकलं. मंग जीव राह्यला नाई, पुन्हा उघडलं.

मंदाबाई : रविवार तीन दिवसांवर आलाय गं. बाहेर फळ्यावर तुझं नाव लिहिलंय, 'मी वाचलेलं पुस्तक, तुम्हीही वाचा'. आजवर तिथं पुरुषच बोलले. आपण नुसतं स्वागतगीत म्हणायचं अन् चहाच्या कपबशा गोळा करायच्या. वाचनालयाचे चिटणीस काय म्हणाले, ठाऊक आहे ना? म्हणाले, एकदा बोलू द्या बाईला, हसं झालं तर ही गुरुवारची वेळसुद्धा बंद.

अन्नपूर्णा : माहीत हाय. म्हणून तर आली मी.

मंदाबाई : दुसरं पुस्तक घे. कपाट भरलंय.

अन्नपूर्णा : नाई. मले हेच सांगाचं हाय.

मंदाबाई : हट्ट का पण?

अन्नपूर्णा : बाकीची वाचली तर मले रडू आलं, नाई तर झोप आली. हे वाचलं तर राग आला. त्याची बायको जळलेल्या दुकानाची भिंत एकटी उचलते, अन् गाव त्याचं कवतिक करते! इतका राग आला का शेवटाच्या पानापर्यंत वाचलं. शेवटाले तो स्वतः सांगते, भिंत हिनं उचलली म्हणून. हे सगळ्यायनं वाचलं पाह्यजे. मी तर म्हणतो बुढ्यायनं आधी वाचलं पाह्यजे.

मंदाबाई : मग नाव न घेता सांग. नायक म्हण. दुकानदार म्हण.

अन्नपूर्णा : करून पाह्यलं ना! वस्तीतल्या बायायले सांगितलं, आमच्या मालकाच्या नावाचा एक माणूस होता, त्यानं दुकान जाळलं. सांजेपर्यंत नाक्यावर हे झालं का अन्नपूर्णाच्या मालकानं दुकान जाळलं.

सीताबाई : माह्या पोराचं शिलाईचं दुकान हाय न वो. ताराचंद शेट धोतर सावरत धावत आले. म्हणे, पोराच्या लग्नासाठी टाकलेला माहा कोट वाचला का?

मंदाबाई : (हसत) अरे देवा! मग?

सीताबाई : मंग काय, माहा पोरगा मशीनवर बसून त्यायचाच कोट शिवून राह्यला होता. शेट म्हणे, बरं झालं, आलोच हावो तर माप पुन्हा घेऊन घे, पोट वाढलं.

मंदाबाई : अन् त्यांना, म्हणजे अन्नपूर्णाच्या मालकांना, राग नाही आला?

अन्नपूर्णा : ते हसले. म्हणे, घे ना बापा माहं नाव, मले काय बोचते का? त्यायची ना नाई. ना आत्याबाईची हाय.

सीताबाई : हाय. सासू हाय मी, सांगीन. बाईनं नाव घेतलं का नवऱ्याचं आयुष्य कमी होते. एकच पोरगा हाय मले. तू बोल, मी नाई म्हणत नाई. मी बाजूले बसीन. नाव आलं का तू थांबजो, मी म्हणीन. मी माय हावो, मले चालते.

मंदाबाई : अहो, सीताबाई, लोक पोट धरून हसतील!

सीताबाई : मंग उखाण्यात घे. उखाण्यात दोष नाई. 'पाट्यावर वाटते चटणी, भाकर थापते गोल, हरिदासरावाच्या गोष्टीचं करू किती मोल.'

अन्नपूर्णा : दर पानावर उखाणा? रविवारी सुरू केलं तर सोमवारच्या बाजारापर्यंत मी तठीच उभी!

मंदाबाई : अन् समोरून प्रत्येक वेळी 'वा वा' येईल. नको गं बाई.

अन्नपूर्णा : मंदाबाई, तुमी मॅट्रिक झाल्या. तुमी घेता का नाव?

मंदाबाई : माझं... आमच्याकडे वेगळं आहे.

अन्नपूर्णा : काय वेगळं? तुमी शेटाच्या घरच्या, आमी वस्तीतल्या. पहिल्या दिवशी आमी उंबरठ्याबाहेर उभ्या होतो, तुमीच म्हणाल्या, आत या. मले वाटलं, तुमाले तरी भेव नसन.

मंदाबाई : भीती नाही, सवय आहे. जीभच वळत नाही. माझं माझ्यापाशी राहू दे तू.

अन्नपूर्णा : आत्याबाई, नागपूरले दीक्षा घ्यायले गेलतो आपण. वापस आल्यावर घरातले सारे देव तुमीच नदीत सोडले. आमी काठावरच थबकलो, तुमी नाई. मंग हे काऊन नाई सुटत?

सीताबाई : देव सोडणं सोपं होतं, पोरी. देवानं काय देलतं मले? नवऱ्याचं तसं नाई.

अन्नपूर्णा : एक इचारू? तुमी मामाजीचं, तुमच्या मालकाचं, नाव कधी घेतलं?

सीताबाई : हळदीच्या उखाण्यात घेतलं, तेवढंच. त्याच्यानंतर कधी नाई. शपथ घेऊन सांगतो.

अन्नपूर्णा : मंग मामाजी किती जगले?

मंदाबाई : अन्नपूर्णा! काय बोलतेस हे!

अन्नपूर्णा : चुकलं. पाया पडतो तुमच्या, आत्याबाई. तोंडातून निघून गेलं.

सीताबाई : ऊठ. पाया नको पडू.

मंदाबाई : पाणी देऊ का, सीताबाई?

सीताबाई : नको. खरं बोलली ती. हरिदास रांगत होता तवा गेले. मी जीभ आवरून आवरून जपलं त्यायले, अन् तापानं चार दिवसात नेलं. त्यायची माय घ्यायची नाव. दारात उभी राहून आवाज देये, लहानू, जेवाले ये. ती बुढी गेली, मंग त्या नावानं घरात कोणी आवाजच नाई देल्ला.

अन्नपूर्णा : आत्याबाई...

सीताबाई : काय झालं?

अन्नपूर्णा : तुमी आत्ता घेतलं. मामाजीचं.

सीताबाई : मी? मी तर बुढीचं बोलणं सांगून राह्यली होती.

मंदाबाई : घेतलंत. मीही ऐकलं.

सीताबाई : घेतलं का? ...लहानू. (थांबून) लहानू. पाह्य वं माय. किती लहानसं नाव होतं. मी उगाच डोंगरावानी वागवलं. त्यायले एकदा तरी ऐकू गेलं असतं माह्या तोंडचं, तर हसले असते. तुह्या नवऱ्यावानीच हसत होते ते.

मंदाबाई : मग रविवारचं काय करायचं? फळा पुसू की राहू देऊ?

सीताबाई : पुसता काऊन? माही सून बोलते त्या दिवशी. अन् मी समोर नाई बसत, पार मांगं बसीन. चिटणीस बसतात ना, त्यायच्या बी मांगं. आता पहिल्यापासून म्हण, पोरी.

अन्नपूर्णा : आत्ता?

सीताबाई : मंग का रविवारी पहिल्यांदा म्हणशीन? मी हे मांगं जाऊन बसली. हं, म्हण.

अन्नपूर्णा : नमस्कार. मी अन्नपूर्णा. मी जे पुस्तक वाचलं, ते तुमी सगळ्यायनं वाचा. त्याच्यात एक दुकानदार हाय. त्याचं नाव... त्याचं नाव हरिदास.

सीताबाई : मोठ्यानं म्हण. मांगच्या बाईले ऐकू नाई आलं.