भूजलपंडिताची कमजोरी

...कमजोरी? कसली कमजोरी? अहो, चौतीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, आपल्या जिल्ह्याच्या कातळातल्या पाण्यावर डॉक्टरेट केली, आणि इंजिनिअरिंगला असलेली माझी नात आकांक्षा पेनाचं टोक वहीवर आपटत मला विचारते, "आबा, शक्ती झाली, आता ह्याची कमजोरी सांगा." मी म्हटलं, "ह्याला कमजोरी नाही." तर म्हणते कशी, "मंग तो खेळात चालत न्हाई!"

थांबा, आधी खेळ सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा चिडलाय कशावर... टेबलाभोवती बसून खेळायचं. पट नाही, सोंगट्या नाहीत, नुसती गोष्ट! आकांक्षा गोष्ट सांगते: एका राज्याचं सगळं पाणी राक्षसानं पळवलंय आणि चौघं ते शोधायला निघालेत. ते चौघं म्हणजे आपण. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, त्याचा वर्ग ठरवायचा... तलवारबाज, मांत्रिक, वैद्य, धनुर्धर, चोर. हो, चोरसुद्धा! प्रत्येक वर्गाला शक्ती, प्रत्येकाला कमजोरी, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. पुढच्या महिन्यात कॉलेजात हा खेळ मांडायचाय, वर्ग सहाच हवेत, आणि सहावा रिकामा होता. "आबा, तुम्ही बनवा ना. पाण्यातलं तुम्हाला कळतं." आता तुम्हाला सांगतो, निवृत्त झाल्यापासून 'तुम्हाला कळतं' हे मला कुणी म्हटलेलंच नाही. बसलो की हो लिहायला!

भूजलपंडित! खडक वाचून पाणी सांगणारा! अठरा पानं लिहिली, तळटीपांसकट. पहिल्या फेरीत खडकाचं निरीक्षण, दुसऱ्या फेरीत मोजमाप, तिसऱ्या फेरीत अहवाल, आणि पाणी शंभर टक्के. फासा टाकायची गरजच नाही! आमच्या सौभाग्यवती, सुरेखाबाई, चष्मा लावून तीन पानं वाचून म्हणतात, "अहो, तोवर राक्षस काय चहा पीत बसणार का?"

माझंच चुकत असेल म्हणा... पण मी सोडलं नाही!

तेवढ्यात आला बद्रीनाथ. हिचा धाकटा भाऊ, वाटूरला शेती करतो. मोसंब्यांची पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायला, माझी अठरा पानं हातात तोलली, वाचली नाहीत, तोलली, आणि म्हणतो, "दाजी, पाणी शोधायला एवढा कागद? पाणाड्या घ्या की! लिंबाची बेचकी धरली, रानात फिरला, बेचकी झुकली की बराबर पाणी. इषय बंद!"

पाणाड्या! ज्या पाणाड्यांच्या विरोधात मी तीर्थपुरीपासून वाटूरपर्यंत गावोगाव व्याख्यानं दिली, ज्यांच्या नारळांची आणि डहाळ्यांची भर चौकात परीक्षा घेतली, तो पाणाड्या माझ्या घरात, माझ्या टेबलावर? पण आकांक्षाचे डोळे असे चमकले की विचारू नका. "मामाआजोबा, एकदम भारी!" दहा मिनिटांत अर्ध्या पानावर वर्ग तयार. अकरा किंवा त्याच्या वर पडले तर पाणी, खाली पडले तर सगळ्यांची ताकद निम्मी. अर्धं पान! आणि वर निकाल दिला, "दोन्ही खेळून बघू आबा. जो चालंल तो सहावा."

आता सांगा, ह्या वयात माझी अख्खी विद्या अर्ध्या पानाबरोबर स्पर्धेला!

रविवारी बसलो. आकांक्षाच्या कॉलेजातली दोघं, प्रितम तलवारबाज, मोनाली मांत्रिक, मी भूजलपंडित, आणि पाणाड्या कोण? तर सुरेखाबाई! बेचाळीस वर्षं माझी व्याख्यानं ऐकलेली बाई! पहिल्यांदा फासा टाकला, चौदा. पाणी! दुसऱ्यांदा सतरा. पाणी! तिसऱ्यांदा वीस! पोरं नाचायला लागली. मी ओरडतोय, "अरे, लागोपाठ तीनदा येणं म्हणजे आठात एकदा, हा योगायोग आहे, ही विद्या नाही!" ऐकतंय कोण? माझा पंडित दुसऱ्या फेरीत मोजमाप करत होता, तिथंच राक्षसानं त्याला खाल्लं. आणि प्रितम गंभीर चेहरा करून, "आबा, तुमचा अहवाल आता कोणाच्या पत्त्यावर पाठवायचा?"

माझंच चुकत असेल म्हणा... पण मी सोडलं नाही! तीन फेऱ्यांची एक केली, तळटीपा काढल्या... काढताना जीव गेला हो... आणि पुढच्या रविवारी पुन्हा बसलो, बद्रीनाथही बघायला आला होता. आता माझा पंडित म्हणेल तिथं पाणी. लगेच! इथं पाणी, तिथं पाणी! आणि बघतो तर प्रितम मोबाइलमध्ये, मोनालीला जांभई. "आबा," ती म्हणाली, "तुमचं पाणी लागणारच हे सगळ्यांना ठाऊक हाय. मंग आम्ही धास्तीनं बघायचं काय?"

"शास्त्रात धास्ती नसते!"

"फासा टाका, आबा," आकांक्षा म्हणाली.

"टाकणार नाही! माझा पंडित चुकत नाही!"

आणि सुरेखाबाई, मोसंबी सोलता सोलता, मान वर न करता, एवढंच म्हणाल्या, "वाटूरची बोअर?"

काय सांगू... सव्वीस वर्षं झाली. बद्रीनाथच्या रानात मीच जागा काढली होती. स्वतःच्या हातानं चुन्याची फुली मारली, सगळ्या गावासमोर छाती काढून म्हटलं, "दोनशे फुटांवर पाणी." दोनशे झाले, अडीचशे झाले, तीनशे झाले... नुसती भुकटी. गाव बघतंय, मी भुकटी चिमटीत धरून बघतोय, जणू ती काही बोलणार आहे! आणि हा बद्री माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दाजी, चला, भाकरी थंड होऊन राह्यली." बस्स. त्यानंतर सव्वीस वर्षांत एक शब्द नाही. ह्या रविवारीसुद्धा, टेबलापाशी, तोच म्हणाला, "अक्का, जाऊ दे ना. कातळच तसला होता. दाजीची काय चूक?"

मी वही ओढली. लिहिलं. कमजोरी: हा चुकू शकतो. सगळ्यांसमोर आधी मोठ्यानं फूट सांगायचे, मग फासा टाकायचा, आणि आधीच्या प्रत्येक कोरड्या बोअरीमागे फाशातून एक वजा.

आकांक्षानं वाचलं आणि फासा माझ्या पुढ्यात सरकवला.

मी उभा राहिलो. "दोनशे फूट!" म्हणालो आणि टाकला.

तीन!

त्यातून वाटूरचा एक वजा केला मीच. दोन! कोरडी! राक्षस आला की हो! प्रितम खुर्चीवर चढला, मोनालीनं मला वाचवायला अख्खी मंत्रशक्ती संपवली, बद्रीनाथ ओरडतोय, "दाजी, सरका! फूटभर सरका!" सुरेखाबाईंची मोसंबी टेबलाखाली, आणि पोरं एका सुरात, "आबा, परत! परत टाका!" आयुष्यात माझी कोरडी बोअर बघून लोक असे खूश झाले नव्हते!

सहावा वर्ग ठरला. भूजलपंडित! खेळाच्या यादीत छापला गेला, दीड पानात का होईना. जिंकलो की नाही? जिंकलो!

आता परवा सरावाला बसलो, तर प्रितम म्हणतो, "मी पंडित!" मोनाली म्हणते, "चल रे, मागच्या खेपेला तूच होता. आज मी पंडित!" सुरेखाबाई म्हणतात, "संसार मी केलाय ह्या पंडिताबरोबर, पंडित मीच!" मी म्हटलं, अरे, वर्ग बनवला कुणी? आकांक्षा म्हणाली, "आबा, तुम्हाला तर तो येतोच. घरच्या खेळापुरता एक पाणाड्या शिल्लक हाय, तो घ्या." डहाळी कुठून आणायची, म्हणून सुरेखाबाईंनी स्वयंपाकघरातला चिमटा दिला.

तर डॉक्टरेट झालेला माणूस, दोन्ही हातांत पोळ्यांचा चिमटा धरून टेबलाभोवती फिरतोय, पोरं शिट्ट्या मारतायत, आणि मी हळूच, कुणाला ऐकू जाणार नाही असं, खेळ बघायला आलेल्या बद्रीनाथच्या कानाशी लागून विचारतोय, "बद्री, बेचकी धरताना डोळे मिटायचे असतात, की उघडे ठेवायचे?"